डाव्या बाहीची घडी

मी रंगभूषेचं काम करतो, म्हणजे लोकांच्या तोंडाला रंग फासून पोट भरतो. कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी मला कायम ‘रंगारी’ म्हणायच्या. त्यांच्यापुढे दिग्दर्शकाचंही काही चालायचं नाही, तिथे माझं काय.

मालिका गुन्हेगारीची. एक मंत्री पुलाच्या कामात पैसे खातो, पूल पडतो आणि सगळं घर त्याच्यासाठी खोटं बोलायला उभं राहतं. मंत्री झालेला नट गुणी होता, पण मंत्री काही वाटेना. शर्ट-पँट चढवली की थेट बँकेतला कॅशियर. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. तेव्हा मावशींनी नटाला समोर उभं केलं, त्याची डावी बाही कोपराच्या वर दुमडली, उजवी मनगटाशी बटण लावून तशीच ठेवली आणि म्हणाल्या, “आता चाल.” तो चालला आणि माणूसच बदलला. कायम घाईत असलेला, कुणालाही ‘होऊन जाईल’ म्हणणारा पुढारी समोर उभा राहिला. मीसुद्धा मान डोलावली, आणि मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

ती घडी मावशींच्या धाकट्या भावाची. आई गेल्यावर त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला. त्याच्या एकुलत्या एका धड शर्टाची डावी बाही कुंपणाच्या तारेत फाटली, तेव्हा त्यांनी हाताला लागेल त्या कापडाचं ठिगळ लावलं आणि ते दिसू नये म्हणून बाही वर दुमडली. पुढे भाऊ नगरसेवक झाला, भारी शर्ट आले, तरी डावी बाही वरच. “ही आमच्या ताईची घडी आहे,” असं तो भाषणातही सांगायचा. हे सगळं मला सांगताना मावशींचा चेहरा असा खुलायचा की माझ्या रंगाची गरज नाही.

मालिका गाजली आणि लोक म्हणायला लागले, हा तर आपला नगरसेवक. त्यातच त्याच्या वॉर्डातल्या नव्याकोऱ्या दवाखान्याचं छप्पर कोसळलं, एका नर्सचा पाय मोडला आणि चौकशी लागली. नटात लोकांना भाऊ दिसेल, हे मावशींच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढारी म्हटल्यावर त्यांच्या हाताला तेवढी एकच घडी ठाऊक होती.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाऊ आला. मी तुटलेलं बटण लावून घ्यायला मावशींच्या खोलीत बसलो होतो. उठावं की बसावं, अशी माझी पंचाईत झाली.

“ताई, लोक हसतात मला.”

“अरे, माझ्या डोक्यातही नव्हतं तसं काही.”

“उद्या ती पेपरवाली मुलाखत घ्यायला येणार आहे ना तुझ्याकडे? तिला सांग, बाहीचं त्या नटालाच सुचलंय. माझा काही संबंध नाही.”

“सांगते की. त्यात काय एवढं.”

आणि त्या सांगणारच होत्या. त्या भावासाठी त्या भर कोर्टात खोटं बोलल्या असत्या. पण बोलता बोलता त्यांची नजर त्याच्या हातांवर गेली. दोन्ही बाह्या खाली होत्या, दोन्ही मनगटांवर बटणं लावलेली.

“छपराच्या कामात तू काही केलं नाहीस ना?”

“ताई, आता तूही? ते सगळं कंत्राटदाराचं. माझा हात नाही त्यात.”

“मग बाही का सोडलीस?”

लोक हसतात म्हणून, असं तो सहज म्हणू शकला असता. आत्ताच तर म्हणाला होता. पण त्याला ते सुचलं नाही. चेहऱ्याचा रंग उतरलेला मला लगेच कळतो, तो माझा धंदाच आहे. “तेवढं सांग तिला,” असं पुटपुटत तो निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला. मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत आणि माझं बटणही तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरवाली आली. नट समोर उभा होता, मावशी त्याची बाही दुमडत होत्या.

“ही कल्पना कुणाची?” तिनं विचारलं.

मावशींनी हातातली घडी आधी पुरी केली.

“घडी माझी. माझ्या भावाला मीच घालून दिली,” त्या म्हणाल्या. “त्याखाली त्यानं काय झाकलं, ते त्याला विचारा.”

मग त्यांनी नटाची बाही एकदा हातानं दाबून बसवली आणि त्याला सेटवर पाठवलं.