तोंड लावून

ढाणकीच्या बाजारात पाणपोई चालवणारा तो म्हातारा तरुणपणी शिडाच्या गलबतावर स्वयंपाकी होता. आफ्रिकेकडं जाताना महिना महिना जमीन दिसायची नाही, असं सांगायचा. तिथल्या सवयी त्यानं सोडल्याच नाहीत. माठ खांबाला दोरीनं बांधलेला, पितळी पेला अर्धाच भरायचा, आणि ओंजळीत कुणालाच ओतायचं नाही.

"तोंड लावून प्या. गलबत हालते, वरून प्यालं का सांडते."

आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. बाजारात इतरत्र आमच्या वाट्याला ओंजळच यायची. इथं मी पेल्यानं प्यायचो. आपण उपकार करतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. त्याला फक्त सांडलेलं पाणी बघवत नसे.

एकदा मी पेला परत दिला, तेव्हा मागं उभ्या असलेल्या मालदार कास्तकारानं तोंड फिरवलं.

"मले दुसरा पेला दे."

"गलबतावर एकच राह्यते, मालक. दुसरा पाह्यजे असन तं किनाऱ्यावर उतरा."

कास्तकारानं तापलेल्या रस्त्याकडं पाहिलं. किनारा कुठंच दिसत नव्हता. त्यानं पेल्याला तोंड लावलं.