दोन बटणांचं टेनिस

माझ्या साळ्याइतका मोठा टेनिसवाला अख्ख्या नागपुरात दुसरा नाही, आणि त्यानं आजवर टेनिसची रॅकेट हातात धरलेली नाही! त्याचं सारं टेनिस टीव्हीवर. जवानीत घेतलेली खेळाची एक पेटी, तिला दोन गोल बटणं. पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या, मधात तुटक रेघ आणि एक चौकोनी चेंडू. बस! बटण फिरवलं की दांडी वरखाली होते, चेंडू टुक करून परत जातो. घराणं विणकराचं. माग गेला, पण आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे पळताना पाहायची डोळ्यांची सवय गेली नाही. भर मे महिन्यात हा गडी कूलर बंद करून, बनियनवर मांडी घालून बसणार. का? तर "हवेनं चेंडू वाकडा जाते!"

त्याची जोडीदार एकच, मोठी बहीण, म्हणजे माझी बायको. ती एका हातानं पोहे खायची, दुसऱ्या हातानं बटण फिरवायची आणि याला धुऊन काढायची. हा बोंबलायचा, "ताई, तू रडी खेळून राहिली!" ती म्हणायची, "काहून गा, हारला तं हारला म्हण ना!" आमची नातवंडं मोबाइलवर नवे खेळ दाखवत, त्यात खेळाडूंचा घामसुद्धा दिसायचा. हा पाहून घ्यायचा आणि म्हणायचा, "चेंडू परतच करा लागते ना? मंग? या साऱ्यायचा पणजोबा माह्या घरी आहे!"

यंदा ती गेली. त्यानं पेटीवर फडकं टाकलं. तिच्या बटणाला कोणाला हात लावू देईना. मीही दार लोटून बसलो.

दसऱ्याला तो पेटी काखेत मारून माझ्या दारात हजर. जुन्या धोट्यासोबत पेटीचीही पूजा केलेली, दोन्ही बटणांवर हळदकुंकू. म्हणाला, "पूजा केलेलं अवजार आज चालवाच लागते, भाऊजी. अन् हे एकट्यानं चालत नाही."

"मले येत नाही. अन् तिच्या जागी मी बसत नसतो," मी तोंडावर सांगितलं.

"जागी बसा कोण म्हणते? बटण धरा फक्त!"

धरलं. आधी सारे चेंडू सुटले. मग एक लागला, टुक! "आला, आला परत!" म्हणत तो उभाच झाला. खेळ लांबला तसा चेंडू वेग घेऊ लागला, आणि आम्ही दोघं म्हातारे "गेला! नाही गेला!" असे ओरडू लागलो की शेजारीण धावत आली. जिंकण्यासाठी जीव टाकणारा हा माणूस, पण त्या दिवशी चेंडू बरोबर माझ्या दांडीवर आणून देत होता. मलाही त्याला हरवायचं नव्हतं. चेंडू सुटला की घरात आम्ही दोघंच उरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.