केडगावची बिनभाड्याची खोली

कारभारी हे नाव ज्यानं ठेवलं, त्यानं पोराचं तोंड बघून ठेवलेलं नसणार. उभ्या जन्मात या माणसानं ना घरचा कारभार हाकला, ना गावचा. बोलायची वेळ आली की हा घसा खाकरायचा, टोपी सारखी करायचा आणि समोरचा म्हणेल त्याला मान डोलवायचा. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडं म्हणतात. कारभारीनं दोघी बहिणींना घरातच ठेवून घेतलं होतं.

जामखेडला स्टँडमागच्या वेल्डिंगच्या दुकानात तो वीसेक वर्षं कामाला होता. मालक म्हातारा झाला, त्याच्या पोरांनी दुकान पाडून तिथं गाळे काढले आणि चाळिशी ओलांडलेला कारभारी मोकळा झाला. बरेच दिवस घरी बसला. मग नगरच्या नागापूर एमआयडीसीतून, ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. आधी ठेकेदाराकडं; पण सहा महिने खाडे न करता काढले तर कंपनी कायम करून घेईल, असं तिथल्या सुपरवायझरनं सांगितलं. कायम म्हणजे फंड, दवाखाना, दिवाळीला बोनस. या वयाच्या वेल्डरला असं कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, हे कारभारीला पक्कं ठाऊक होतं.

प्रश्न होता राहायचा. संध्याकाळी अंगणात तो, त्याची बायको जया आणि आई चांगुणा असे बसले. आठवीतली लेक संस्कृती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. घरातला हिशेब जयाच करायची, तोही तोंडी.

रोज जाऊन-येऊन करावं तर नगर काही हाकेच्या अंतरावर नाही. आष्टी, कडा, चिचोंडी करत एसटी दोन-अडीच तासांनी माळीवाडा स्टँडला टेकते आणि नागापूर तिथून आणखी पुढं. पाळी सकाळी सातची. पहिली गाडी पोचेपर्यंत कारखान्याचा भोंगा वाजून गेलेला असणार. मोटारसायकलवर जावं तर पगाराचा तिसरा हिस्सा पेट्रोलात, आणि कंबरडं मोडायचं ते वेगळं. नागापुरात खोली घ्यावी तर चार हजार भाडं, वर डिपॉझिट. दोन गाई विकल्या तर डिपॉझिट भागत होतं. गाई तशाही जाणारच होत्या, कारण चांगुणाच्या गुडघ्यांना आता वैरणीचे भारे झेपत नव्हते.

“नागापूरलाच खोली बघू,” जया म्हणाली. “म्हैन्याच्या म्हैन्याला भाडं टाकू. हातात थोडं राहील, पन राहील.”

“केडगावला सहादेवमामाची वरची खोली रिकामी हाय,” कारभारी म्हणाला.

सहादेवमामा म्हणजे जयाचा सख्खा मामा. लग्नात तिच्या पाठीशी उभा राहिलेला. एसटीत कंडक्टर होता, रिटायर झाल्यावर त्यानं केडगावला दुमजली घर बांधलं. मामावर जयाचा जीव होता आणि मामाला ती ओळखतही होती.

“मग आदी भाडं बोलून घ्या,” ती म्हणाली. “किती का आसंना, पन बोला. न बोललेलं लई महाग पडतं.”

“बोलतो की.”

गेला बापडा केडगावला. मामीनं मटणाचा बेत केला होता. जेवताना कारभारीनं तीनदा घसा खाकरला आणि चौथ्या वेळी कसंबसं तोंड उघडलं, “मामा, ते भाड्याचं...”

मामाचा घास हातातच राहिला. “भाडं? जावईबापू, भाचीकडनं भाडं घिऊ मी? लोक शेन घालतील माझ्या तोंडात!”

“आगं बाई!” मामी म्हणाली. झालं. कारभारीनं टोपी सारखी केली आणि रस्सा भुरकला. मामा खोटं बोलत नव्हता, हे इथं सांगून ठेवलं पाहिजे. मनापासून बोलत होता, आणि त्यातच सगळी गोम होती. लबाड माणसाला निदान नाही म्हणता येतं.

“झालं बोलनं,” कारभारीनं घरी येऊन सांगितलं.

“किती ठरलं?”

“कायच न्हाई.”

जया हसली नाही.

दिवाळी झाल्यावर ते केडगावला आले. गाई विकल्या, चांगुणा एक शेळी घेऊन गावी मागं राहिली, संस्कृतीचं नाव केडगावच्या शाळेत घातलं. आता केडगाव शहराच्या एका टोकाला आणि नागापूर दुसऱ्या टोकाला. सगळं नगर रोज आडवं कापून कारभारी कामावर जायचा. पण जायचा आनंदानं. कारखान्यात गंधार नावाचा तरुण सुपरवायझर होता, तो त्याला काका म्हणायचा. कारभारीचं काम चोख होतं आणि तोंड बंद होतं. असा माणूस कुठल्या साहेबाला नको असतो?

पहिल्याच रविवारी मामानं खालून हाक मारली. “जावईबापू, तेवढं गेटाचं बगा की. तुमच्या हाताला काय, खेळ हाय.”

कारभारीनं गेट बनवलं. लोखंड मामाचं, मशिनचं भाडं कारभारीचं. पुढच्या रविवारी जिन्याचा कठडा, मग टाकीचा स्टँड, मग गॅलरीला जाळी. जयाला मामीचे पाय चेपण्यापासून शेजारच्या पापडांपर्यंत सगळ्याला बोलावणं यायचं. मामाच्या सोयऱ्यांत बारसं असो की वास्तुशांती, “घरचीच मानसं तुमी” म्हणून यांचा आहेर आलाच. मामाला कुठं जायचं असलं की कारभारीची मोटारसायकल जायची आणि रिकाम्या टाकीनं परत यायची. बिनभाड्याच्या माणसाला रविवार नसतो आणि नाही म्हणायलाही जागा नसते.

होळीच्या सुमारास जयानं पुन्हा हिशेब मांडला. “आवं, नागापूरची खोली सस्तात पडली आसती,” ती म्हणाली. “निदान रातच्याला दार लावून घेता आलं आसतं.”

त्या महिन्यात कारभारीनं धीर करून काही नोटा मामाच्या हातावर ठेवल्या. मामाचा चेहरा असा उतरला की विचारू नका. तो न जेवता झोपला, मामीनं डोळ्याला पदर लावला आणि शेवटी जयालाच खाली जाऊन, “मामा, चुकलं त्यांचं, जेवून घ्या,” म्हणावं लागलं. त्यानंतर भाड्याचा विषय त्या घरात निघाला नाही.

कारभारी मात्र एका गोष्टीवर तग धरून होता. कायम झालं की नागापुरात खोली घ्यायची, आणि कारण मामाला सांगता येण्यासारखं: कंपनीचा नियमच आहे, जवळ राहावं लागतं. हे वाक्य त्यानं मोटारसायकलवर कितीदा म्हणून पाहिलं होतं.

अक्षय्यतृतीया गेली आणि मामाच्या एकुलत्या एक मुलीचं, मोनिकाचं लग्न निघालं. मामानं पत्रिका आणून कारभारीच्या हातात दिली आणि बोटानं जागा दाखवली. खाली, नातेवाइकांच्या गर्दीत, “व्यवस्थापक” या शब्दापुढं छापलं होतं: श्री. कारभारी मुरूमकर.

रेशनकार्ड आणि लाईटबिल सोडून कारभारीनं आपलं नाव छापलेलं कुठं पाहिलं नव्हतं. त्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याला ते आवडलं, हे कशाला लपवा? पत्रिकेत नाव असलेला माणूस लग्नात पाहुण्यासारखा अक्षतांपुरता येऊन चालत नाही. त्याला हळदीच्या आधीपासून उभं राहावं लागतं.

तीच पत्रिका घेऊन तो गंधारकडं गेला आणि नावाखाली बोट ठेवून उभा राहिला. गंधार हसला. मग हसू आवरून म्हणाला, “काका, तीन दिवस घ्या. हळद, लग्न आणि दुसरा दिवस. पण चौथ्या दिवशी सकाळी मोठे साहेब येणार आहेत, कायम होणाऱ्यांच्या सह्या घ्यायला. त्या दिवशी तुम्ही नसलात तर माझ्या हातात काही राहणार नाही.”

“यीतो म्हंजे यीतोच,” कारभारी म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं ठाम वाक्य क्वचितच निघालं असेल.

लग्न झकास झालं. कारभारीनं वाढप सांभाळलं, वऱ्हाडाचे मानपान सांभाळले, डोक्याला फेटा बांधून घेतला. संध्याकाळी मोनिका गाडीत बसायला निघाली तसा मामा ढसाढसा रडायला लागला आणि चारचौघांत त्यानं कारभारीचा हात धरला.

“मला पोरगा न्हाई, जावईबापू. मोनिकाचा मुराळी तुमीच. उद्या जाऊन तिला माघारी घिऊन या.”

मुराळी म्हणजे नव्या नवरीला सासरहून माहेरी आणायला जाणारा तिचा भाऊ. हा मान मागून मिळत नाही. मोनिकाचं सासर होतं अकोले तालुक्यात, नगर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. कारभारीनं घसा खाकरला. “मामा, परवा माझं...”

सगळे त्याच्याकडं बघत होते. मामाचे डोळे लाल झाले होते. “काय म्हनला?”

“न्हाई, काय न्हाई. जातो की.”

पहाटे निघू, दुपारी पोचू, रातोरात परत येऊ, असा त्यानं मनाशी बेत केला. जयानं निघताना बजावलं, “थांबू नका. कुनी पाय धरले तरी थांबू नका.”

पण मुराळ्याला आल्या दिवशी धाडायचं नाही, ही रीत त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून तो ती बघत आला होता. फक्त आपल्या वेळी कुणी ती मोडेल, अशी खुळी आशा धरून होता. व्याह्यांनी बोकड कापलं होतं. भावकी जेवायला बोलावली होती.

“मला सकाळी सातला कंपनीत...” कारभारी म्हणाला.

“आसं कसं, पाव्हणं?” व्याही म्हणाले. “पोरीला रात्रीचं धाडलं तर गाव काय म्हनंल?”

जयाचा फोन आला. “सांगा त्यान्ला. सही हाय म्हनावं. नोकरी जाईल म्हनावं. पाया पडते, बोला!”

“बोलतो,” कारभारी म्हणाला आणि पंगतीला जाऊन बसला. वाढणारे बोकडाच्या रश्शाचा आग्रह करत होते. नोकरी जाईल, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते बोलले तर मामाची सोयऱ्यांत काय शोभा राहील, पहिल्याच फेरीला मुराळी कामाचं तुणतुणं वाजवतो म्हणतील, मोनिकाला टोमणे बसतील, हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. संस्कृतीची शाळा त्या रात्री डोळ्यांपुढं का आली नाही, हे त्याचं त्यालाच माहीत.

सकाळी चहा झाला, नाश्ता झाला, मोनिकाची ओटी भरली. केडगावला पोचेपर्यंत दुपार कलली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं त्याला आत सोडलं नाही. गंधार बाहेर आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. “काका, काल तीनदा तुमचं नाव पुकारलं,” तो म्हणाला. “तुमची जागा साहेबांनी दुसऱ्याला दिली. ठेकेदारानंही तुमचं नाव काढलंय.”

आपण मुराळी होतो, हे सांगायला कारभारीनं तोंड उघडलं. पण समोरच्या पोराला ते सांगून काय होणार होतं, म्हणून त्यानं ते मिटलं.

मामाला कळलं तेव्हा मामानं कपाळावर हात मारून घेतला. “आरं देवा! मंग मला बोलायचं की वो! मी पुतन्याला धाडला आस्ता. तुमी कदी काय बोलतच न्हाई!”

हे मात्र खरं होतं.

महिनाभर तो एमआयडीसीत शेड पालथ्या घालत फिरला. वय विचारायचे, मग नंबर लिहून घ्यायचे, मग कुणी फोन करायचं नाही. शाळा उघडायच्या तोंडावर मामा जिना चढून वर आला, कधी नव्हे तो दारातच उभा राहिला. लग्नात लई खर्च झाला म्हणाला. खोलीला गिऱ्हाईक आलंय म्हणाला. “तुमी बी आता गावाकडंच जानार आसाल...” म्हणाला, आणि पुढं त्यालाही बोलवेना.

जायच्या दिवशी मामीनं जयाची ओटी भरली. मामानं कारभारीला टॉवेल-टोपी दिली, डोळे पुसले, “काय चुकलं-माकलं आसंल तर...” म्हणाला. रीतीत कुठं काही कमी पडलं नाही. गावी गाई नव्हत्या, जामखेडला दुकान नव्हतं, आणि कुठल्या शाळेत जायचं हे संस्कृतीनं विचारायचंही सोडून दिलं होतं.

बोचकी घेऊन ते खाली उतरले, तोच नवा भाडेकरू गेटातून आत आला. बँकेत लागलेला तरुण होता, पाठीला सॅक. त्यानं मान वर करून खोलीच्या खिडकीकडं पाहिलं आणि मामाला विचारलं, “काका, भाडं किती?”

“साडेचार हजार. लाईटबिल येगळं.”

“चार करा.”

मामानं क्षणभर विचार केला. “बरं, चार.”

“पाण्याचं?”

“दिवसाआड यीतं.”

झालं. कुणाचा चेहरा उतरला नाही, कुणी न जेवता झोपलं नाही, कुणाच्या तोंडात कुणी शेण घातलं नाही. कारभारी बोचकं खांद्यावर घेऊन आपणच बनवलेल्या गेटापाशी उभा होता. त्यानं मोठ्यानं घसा खाकरला.

मामानं वळून पाहिलं. “काय म्हनला, जावईबापू?”

“न्हाई,” कारभारी म्हणाला. “काय न्हाई.”

जया तोवर संस्कृतीचा हात धरून रस्त्याला लागली होती. ती कारभारीसाठी थांबली नाही.