सारजेचा पान्हा

माझी आई सारजा हिनं सासूला जन्मात एकदाच उलट उत्तर दिलं, तेही बंद दाराआडून. त्या वेळी मी पाच आठवड्यांची होते आणि दाराच्या आत तिच्या मांडीवर पडून सगळं सणसर गाव डोक्यावर घेत होते. म्हणजे भांडणाचं मूळ मीच. ही गोष्ट मला आईनं सांगितली. वडिलांकडून थोडी उकरून काढली. आजीनं मात्र या गोष्टीबद्दल शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही, आणि एरवी तोंड मिटून बसणारी बाई ती नव्हे.

साल छत्तीस असावं. पाटाच्या पाण्यावर आमची वांगी, मिरची आणि थोडका ऊस. वडील, महिपती, दर गुरुवारी माळव्याची गाडी घेऊन बारामतीच्या बाजाराला जायचे. घरात सत्ता आजीची, द्वारकाबाईची. गोठ्यात भुरी नावाची म्हैस होती आणि तिच्या कासेला आजीशिवाय कोणी हात लावलेला चालत नसे. आजीला की भुरीला, ते विचारू नका. दोघींनाही.

दिवसभर मी म्हणे शहाण्यासारखी वागायची. प्यायची, झोपायची. गुरं घरी यायची वेळ झाली की माझ्या अंगात यायचं. तोंड मारायचं, दोन घोट घ्यायचे, सोडायचं, पाठ ताणून लालबुंद व्हायचं, पुन्हा तोंड मारायचं. आई या बाजूचं त्या बाजूला घ्यायची, त्या बाजूचं या बाजूला. खाली ठेवलं की किंकाळी. दिवेलागणीपासून घरातली जेवणं उरकेपर्यंत हेच चालायचं. सकाळी आईची चोळी दुधानं भिजलेली असायची आणि संध्याकाळी छाती मऊ पडायची. मऊ छाती आणि रडणारं पोर म्हणजे दूध आटलं, हे सांगायला आमच्या गल्लीत वैद्य लागत नव्हता.

सांगायला बायका होत्या. रोज दिवा लागला की पाच-सहा जणी बाळंतिणीच्या खोलीत यायच्या. कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळायची, कोणी पोट चोळायची, कोणी नुसतीच बघत बसायची. शेजारच्या भामाबाईनं तर एकदा वाटीत पाणी घेतलं, आईच्या दुधाचा थेंब त्यात सोडला आणि वाटी सगळ्यांना फिरवून दाखवली.

"बगा, पातळ हाय. निस्तं पाणी."

तसं पाणीच व्हायला आईच्या पोटात पाणी तरी कुठं होतं! बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं, म्हणून दिवसाला दोन पेले कोमट पाणी आणि वर ओवा. घशाला कोरड पडलेली बाई सहा जणींसमोर छाती उघडी टाकून बसायची आणि पोर तिच्या अंगावर रडायचं. हे सगळं तिच्या भल्यासाठी.

पण आई घाबरत होती ती त्या बायकांना नाही. ती घाबरत होती गोळीला.

माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. पहिलटकरीण म्हणून आई कन्हेरीला माहेरी गेली होती. मुलीचं नाव झुंबर. सव्वा महिन्यानं आई तिला घेऊन सणसरला आली आणि आठ दिवसांत झुंबरनंही संध्याकाळचं हेच सुरू केलं. आजीनं मोहरीएवढी अफूची गोळी दुधात उगाळून तिला चाटवली. पोर गप झालं. घराला बरं वाटलं. मग रोज दिवेलागणीला गोळी आणि वर कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध. गुंगीतलं पोर अंगावर पीत नाही, आणि पोर पीत नाही तिथं दूध राहत नाही. महिन्याभरात आईचं दूध खरोखर आटलं. चौथ्या महिन्यात झुंबर गेली. आईच्या अंगावर दूधच नव्हतं, असं गाव म्हणालं. मला सगळ्यात राग येतो तो याचा, की आईनंही तेच खरं मानलं.

आजी दुष्ट नव्हती. त्या काळी रानात जाणाऱ्या कितीतरी बाया पोरांना गोळी देऊन झोळीत टाकायच्या. आजीनं स्वतःच्या चारही लेकरांना दिली होती. त्यातली दोन जगली ती गोळीनं, दोन गेली ती नशिबानं, असं तिचं साधं गणित होतं.

बुधवारी संध्याकाळी मी फारच ताळ सोडला. भामाबाई म्हणाली, "द्वारकाबाई, थोरलीवाणी हीबी हातची जाईल बरं."

आजी उठली. "उद्या महिपती बाजाराला जातुया. अफूची पुडी आणंल. लेकराचं हाल बघवत न्हाईत मला."

रात्रभर आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे वडील गाडी जुंपायला निघाले तेव्हा ती दाराशी गेली.

"आवं, पुडी आणू नगा."

"आईला काय सांगू?"

"दुकान बंद व्हतं म्हणा."

"बरं, बघतू."

'बघतो' म्हणणारा नवरा पुढं काय बघतो, ते बायकांना चांगलं ठाऊक असतं. गुरुवारचा सगळा दिवस आई मला पाजत राहिली. मी झोपले तरी हनुवटी हलवून उठवायची आणि पाजायची. संध्याकाळसाठी माझ्या पोटात साठवण करून ठेवावी, असा तिचा विचार. पोरीचं पोट म्हणजे काय कणगी आहे? पण भेदरलेल्या माणसाला कोण सांगणार!

ऊन कललं. माझी कुरकुर सुरू झाली. छाती मऊ पडली. लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तशी आई मला घेऊन दाराशी गेली. वडील अंगणात आले, बैल सोडले, दाराकडे न बघता मुंडाशातून पुडी काढली आणि आजीच्या हातावर ठेवली. आईनं ते दाराच्या फटीतून पाहिलं. मग तिनं दार लोटलं आणि आतून अडसर घातला.

"सारजे, दार उघड."

आत फक्त मी रडत होते.

"आगं पोरीचा आकांत ऐकू येत न्हाय व्हय तुला? मारतीस का तिला? उघड!"

बायका जमल्याच. त्यांची वेळच होती ती. कोणी म्हणाली बाहेरची बाधा झालीय, कोणी म्हणाली डोकं फिरलंय. आजीनं दारावर थापा मारल्या. शेवटी तिनं वडिलांना सांगितलं, "महिपती, पहार आण. दार काढ."

वडील पहार आणायला गेले. आणि तेवढ्यात गोठ्यात भुरी हंबरली. धारेची वेळ टळत होती. आजीचं सगळं चुकेल, धारेची वेळ चुकणार नाही. पुडी कनवटीला खोचून ती म्हणाली, "धार काढून येते, मग बगते हिच्याकडं." चरवी घेऊन ती गोठ्यात गेली. तमाशा अर्धवट सोडून घरी कोण जातंय? बायका तिच्या मागोमाग गोठ्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

खोली आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत आणि भिंतीला झरोका. आई आत घामानं निथळत होती. मी तोंड मारत होते, सोडत होते, किंचाळत होते. तिनं छाती दाबून पाहिली तर एक थेंबही आला नाही. तिच्या मनात आलं, बायका खरं बोलत असल्या तर? दार लावून मी या पोरीला उपाशी मारतेय का? झुंबरला गोळीनं नेलं नसेल, मीच नेलं असेल तर? आई मला म्हणायची, "अडसराला हात लावला व्हता गं मी. काढणारच व्हते."

तेवढ्यात झरोक्यातून आजीचा आवाज आला. भुरी पान्हा सोडत नव्हती. रेडकू ढुशा देत होतं, आजी कास चोळत होती, खायला आंबोण पुढं होतं, आणि चरवी कोरडीच. आजी कडाडली.

"भामे, हटा की समद्या! म्हशीपशी गर्दी करून काय हुबं ऱ्हायलाय? पान्हा चोरतीया ती. भेदरलेलं जनावर दूध देतंय व्हय कुठं?"

आई झरोक्याखाली उभी होती. तिच्या तोंडून निघून गेलं.

"आत्याबाई, मी बी भेदरलीया की. म्हशीपासनं माणसं हाकलता, माज्यापासनं कवा हाकलणार?"

वडील पहार घेऊन गोठ्याच्या दारात आले होते, ते तसेच थांबले. ते सांगायचे, आजी कासेला हात लावून बसली होती, आणि हात हलत नव्हता. मग ती उठली. बायकांना म्हणाली, "जा घरी." भामाबाईनं काही बोलायला तोंड उघडलं, तर आजीनं शेण ओढायचं फावडं उचललं. अंगण रिकामं झालं.

आजी पुन्हा खाली बसली. भुरीशी हळू हळू बोलू लागली, रोज बोलायची तसं. थोड्या वेळानं चरवीत पहिली धार वाजली. भिंतीच्या अलीकडे आई पाठ टेकून खाली बसली. धारेचा तो आवाज ऐकता ऐकता तिच्या छातीत कळ आली आणि पान्हा फुटला. मी गटागटा प्याले, ठसका लागेपर्यंत. आई रडत होती आणि हसत होती.

धार संपल्यावर दारावर हलकी थाप पडली.

"सारजे, उघड. पुडी शेणात टाकली."

आईचा विश्वास बसेना. बाहेरून वडील म्हणाले, "टाकली. म्या बगितलं." त्यांनी त्या दिवशी एवढंच एक काम धड केलं.

आईनं अडसर काढला. आजीच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. आईनं तो एका दमात रिकामा केला. आजी खाटेच्या पायथ्याशी बसली आणि माझं पिणं बघत राहिली. मी सोडलं, रडले, परत धरलं. बऱ्याच वेळानं आजीनं विचारलं, "थोरलीला बी आसंच व्हतं का गं? दूध व्हतं तुला?"

आईनं मला या बाजूवरून त्या बाजूला घेतलं.

माझं संध्याकाळचं रडणं काही थांबलं नाही. तिसरा महिना लागेपर्यंत मी तशीच रडले आणि तशीच प्याले, अंगानं भरत गेले. फरक एवढाच, की दिवेलागणीला आजी पाण्याचा तांब्या घेऊन खोलीच्या उंबऱ्यावर बसायची आणि कोणाला आत सोडायची नाही. माझ्यानंतर आईला तिघं झाली. तिघंही संध्याकाळी रडली. उंबऱ्यावरची जागा आजीची ती आजीचीच राहिली.

पुढं आजी फार म्हातारी झाली. दिसेना, माणसं ओळखेना. माझंही लग्न होऊन मला लेकरं झाली होती. तरी दिवा लागला की आजी भिंत धरत धरत यायची, त्या रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, "सारजे, पोरगी प्याली का गं?"

आई चुलीपासून उठून यायची. तिच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायची आणि म्हणायची, "प्याली, आत्याबाई. पोटभर प्याली."

कोणती पोरगी, हे आईनं तिला कधी विचारलं नाही.