सुरुंगमामांचा कोरडा झरा

मोठा दगड दिसला की सुरुंगमामा त्यावर तळहात टेकवायचे. बैलाच्या पाठीवर टेकवावा तसा. भाटघरच्या धरणावर सुरुंग लावून लावून त्यांचे कान गेले होते. दगडाच्या आत काय चाललं आहे ते हाताला कळतं, असं त्यांचं म्हणणं. असा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. आपण ओरडून बोलतो आणि तो आपलंच सांगत बसतो.

धरण पुरं झाल्यावर ते वेल्ह्याकडे आमच्या वाडीत परत आले. मी तेव्हा नवी सून होते. वाडीला एकच झरा. उन्हाळ्यात करवंटीनं पाणी घ्यावं लागे. हंडा भरेपर्यंत ऊन वर येई. मामांनी झऱ्याच्या कातळावर हात ठेवला आणि म्हणाले, "आत लई पानी हाय. वाट करून दिली की येतंय."

"बारीक हाय, पर हाय नव्हं?" सासूबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या. "ऱ्हाऊ द्या की!"

पुरुषांना दम नव्हता. सुरुंग उडाला. पाणी मनगटाएवढं उसळलं. नारळ फुटला, सासूबाईंची चेष्टा झाली.

दुसऱ्या सकाळी मी हंडा घेऊन गेले तर झरा कोरडा. खालचा कातळ तडकला होता आणि पाणी आतल्या आत कुठंतरी निघून गेलं होतं.

मग वाडी उठवायची बोलणी सुरू झाली. "पानीच न्हाई तितं मानूस जगंल कसं?" जो तो म्हणे. मामांनी कावड बांधली आणि नदीच्या डोहातलं पाणी चढणीनं वर आणू लागले. आधी म्हाताऱ्यांच्या घरी, मग बाळंतिणीच्या. बायकांचं काम म्हणून पुरुष हसले. पावसाळा येईतो हसणाऱ्यांनीही कावडी बांधल्या होत्या. वाडी उठली नाही.

सासूबाई मात्र दारातून ओरडायच्या, "काय भावजी, दिली का वाट करून?"

"दिली की, वयनी. त्या वाटंनं आता मीच येतोय."

पहिल्या खेपेआधी ते रोज कोरड्या झऱ्यापाशी थांबायचे, कातळावर हात ठेवून. "काय म्हणतोय दगड?" मी एकदा विचारलं. पण हळू विचारलं. त्यांना ऐकूच गेलं नाही.

आता मामा नाहीत. त्यांची कावड पुतण्या वाहतो. नदीवरून येताना मी झऱ्यापाशी हंडा उतरवते आणि आसपास कुणी नसलं की कातळावर हात ठेवून पाहते.

दगड गार लागतो.