खोक्याच्या आतलं अक्षर

मुनव्वरभाईंना खोटं लिहिता येत नव्हतं. स्पीकरच्या धंद्यात जे यायला हवं ते बाकी सगळं त्यांना येत होतं.

कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत खाली त्यांचं दुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. तिथे ते आणि सकीनाभाभी राहायचे. मुलगी सुमय्या लग्न होऊन कोंढव्याला गेलेली. गल्लीच्या तोंडाशी आमच्या मंडळाचा मांडव पडतो. मंडळाचा सबवूफर, म्हणजे नुसता दणक्याचा आवाज काढणारं ते कपाटाएवढं खोकं, भाईंनीच एकोणीसशे चौऱ्याण्णव साली बांधलेलं. दर श्रावणात ते उघडायचं, साफ करायचं आणि आतल्या प्लायवूडवर पेन्सिलीने झालेलं काम लिहून ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता. तारीख, काम आणि शेवटी 'सेवा'. मजुरी त्यांनी कधी घेतली नाही आणि आम्हीही कधी आग्रह केला नाही. पुण्यात आग्रह असाही बेताचाच असतो.

मी या मंडळाचा चिटणीस. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला कुणी साव समजायला नको.

गेल्या वर्षी खोक्यातला अ‍ॅम्प्लिफायर जळाला. जुने सुटे भाग मिळेनात, तेव्हा दोन दिवस बाजार पालथा घालून भाई नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. त्याच्याबरोबर फिल्टरही नवा लागणार होता. कुठला आवाज स्पीकरपर्यंत जाऊ द्यायचा आणि कुठला अडवायचा, हे तो ठरवतो. त्याच उन्हाळ्यात सकीनाभाभींच्या हृदयाची झडप बदलली होती. आदल्या गणपतीत त्या दहा दिवस छातीवर उशी दाबून बसल्या होत्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मी दुकानात गेलो तेव्हा भाई फिल्टर बसवत होते. अगदी खालचा, भिंती हलवणारा आवाज त्यांनी अडवला होता.

"स्पीकरच्या पडद्याचा कागद जुना आहे हो," ते म्हणाले. "नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या जोरापुढे फाटेल. हे करायलाच हवं." मग स्क्रू आवळत म्हणाले, "आणि हिलाही घरात राहता येईल."

"मंडळाला सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय? आरती स्वच्छ ऐकू येईल. कुणाला कळणारही नाही."

आणि जे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, ते या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे प्लायवूडवर लिहून ठेवलं!

मांडवात चाचणी झाली. आमचे अध्यक्ष पियुष, वय सव्वीस, नोकरी आयटीत. दोन मिनिटं ऐकून म्हणाला, "बेसच नाहीये यार. काहीतरी इश्यू आहे, उघडा." मागचं झाकण काढलं, मोबाइलचा उजेड आत मारला आणि त्याने शेवटची ओळ मोठ्याने वाचली. 'नवा अ‍ॅम्प्लिफायर, नवा फिल्टर. खालचा आवाज अडवला. कागद जुना आहे, आणि सकीनाला सोसत नाही. सेवा.'

वरच्या तीस ओळी कुणी वाचल्या नाहीत.

भाईंना बोलावणं गेलं. पियुष म्हणाला, "चाचा, आमच्या गणपतीचा आवाज खुपतो का तुम्हाला? तसं सरळ सांगायचं ना."

पंधरा-वीस जण उभे होते. भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की, अरे, फिल्टर नसला तर कागद फाटेल. मी मांडवाची दोरी ताणून बघायला लागलो. चांगली घट्ट होती.

"खुपत नाही," भाई म्हणाले. "बायकोला सोसत नाही म्हणून केलं. विचारायला हवं होतं, चुकलं माझं."

"मग काढा. आत्ता."

सदुसष्ट वर्षांचा माणूस तिथेच गुडघ्यांवर बसला, खोक्यात डोकं घातलं आणि स्वतःच्या हाताने फिल्टर काढून झाकण लावून गेला. संध्याकाळी दोघं रिक्षाने कोंढव्याला निघाले. भाभी मला म्हणाल्या, "दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, भाऊ. कुंड्यांना तेवढं पाणी घाला."

पाचव्या दिवशी कागद फाटला. पियुषने भाड्याने मोठे स्पीकर आणले. चाचांनीच जाताना काहीतरी करून ठेवलं असणार, असंही वर सगळ्यांना सांगितलं. तेव्हाही मी मांडवाची दोरीच तपासत होतो.

भाई आणि भाभी परत आले नाहीत. दिवाळीनंतर सुमय्या टेम्पो घेऊन आली. कुंड्या मी जगवल्या होत्या. त्या उचलताना ती "थँक्यू काका" म्हणाली. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुकानाच्या जागी आता मोमो मिळतात.

या श्रावणात ते खोकं भंगारात द्यायचं ठरलं. भंगारवाला यायच्या आधी मी झाकण उघडलं. पियुषने वाचलेल्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, तशाच सरळ अक्षरात. आम्ही सगळे त्यांच्या डोक्याशी उभे असताना, गुडघ्यांवर बसून लिहिलेली.

'मंडळाच्या सांगण्यावरून फिल्टर काढला. कागद फाटेल. सेवा.'

पियुष समोरच मांडवाचे बांबू मोजून घेत होता. त्याला हाक मारून दाखवायला हवं होतं. मी झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट केले आणि खोकं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवायला हात दिला.