बझर वाजायला लागला तेव्हा

बाबा निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांचे बुद्धिबळातले जोडीदार मुलाकडे पुण्याला राहायला गेले. आमच्या खांदा कॉलनीत बाबांना तोडीस तोड दुसरं कुणी नव्हतं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करत होते. बाबांसाठी फक्त बुद्धिबळ खेळणारं एक मशीन घरीच बनवायचं मी ठरवलं.

प्रोसेसर कोणता घ्यायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. आठ बिटांचा सहज मिळत होता, तापतही नव्हता, पण बाबांपुढे टिकला नसता. "मला हरवील असा घे," बाबा म्हणाले. म्हणून सोळा बिटांचा घेतला, मेमरीही वाढवली. पटाच्या प्रत्येक घराखाली चुंबकाने चालणारा स्विच बसवला, सोंगट्यांच्या बुडाशी चुंबक चिकटवले. नियमाबाहेरची खेळी झाली की वाजणारा बझरही लावला. मी काय नवशिका आहे का, म्हणून बाबा हसले.

सुरुवातीचे काही महिने तो वाजलाच नाही. बाबा बहुतेकदा हरत आणि जेवताना आईला तो डाव रंगवून सांगत. मग एका रविवारी दुपारी, मी आत कपड्यांच्या घड्या घालत असताना, तो वाजला. स्विच अडकलाय, असं बाबा म्हणाले. मी तो बदलला. काही दिवसांनी पुन्हा वाजला, दुसऱ्याच घरावर. कॉलनीत व्होल्टेज वरखाली व्हायचं म्हणून स्टॅबिलायझर आणला. दमट हवेचा संशय घेऊन सगळं सोल्डरिंग तपासलं. प्रोसेसरसुद्धा बदलून पाहिला. मशीनमध्ये दोष सापडत नव्हता.

शेवटी बाबा खेळत असताना मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बाबांनी उंट उचलला आणि सरळ पुढे नेऊन ठेवला. बझर वाजला. त्यांनी उंट परत उचलला, बराच वेळ हातात धरून पाहिला.

"हा कसा चालतो गं?"

मला बुद्धिबळ त्यांनीच शिकवलं होतं.

"तिरका, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि तो पुन्हा सरळच ठेवला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाजारातून परतताना बाबा दोनदा भलत्याच इमारतीत शिरले होते, शेजाऱ्यांनी आणून सोडलं होतं, हे तिने मला त्या दिवशी सांगितलं. मला कळू द्यायचं नाही, असं बाबांनी तिला बजावलं होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की हे थांबणारं नाही, फक्त सांभाळायचं. आईने दाराला वरच्या बाजूला नवी कडी बसवून घेतली. मी कारखान्यात सकाळची पाळी मागून घेतली. दुपारी परतताना बाबा गॅलरीत उभे दिसत. जिना चढायच्या आधी मी खालूनच हात हलवायचे, आणि ते हलवतात का याची वाट पाहत थांबायचे.